एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी : दुर्बीण आत जाण्याआधी रुग्णाला काय ठाऊक असावे

उपवन :

गेल्या वर्षी माझी कोलोनोस्कोपी तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा झाली आणि त्यांतली पहिली पूर्णपणे वाया गेली. त्या वेळी डॉक्टरांनी दुर्बीण मोठ्या आतड्याच्या डाव्या भागापर्यंत नेली आणि तिथूनच परत काढली, कारण पुढे आतड्याच्या भिंतीला मळ चिकटलेला होता आणि त्याच्याखाली काय आहे हे दिसणे शक्य नव्हते. अहवालात ‘आतड्याची तयारी अपुरी, तपासणी पुन्हा करावी’ एवढीच ओळ आली. दुसऱ्या वेळी, आधी दुर्बीण जिथवर पोहोचलीच नव्हती त्या उजव्या भागात, जवळजवळ दोन सेंटिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवर उगवलेली मांसल गाठ, सापडला आणि तो तिथल्या तिथे काढला गेला. तुकड्याच्या तपासणीत (बायॉप्सीत) तो ॲडेनोमा निघाला, म्हणजे आज कर्करोग नव्हे, पण तसाच राहिला असता तर काही वर्षांनी त्याचा कर्करोग होऊ शकला असता.

पहिली तपासणी का फसली, हे मी नंतर नीट विचारून घेतले. ठाण्यातल्या एका केंद्राने माझ्या हातात इंग्रजीतला अर्ध्या पानाचा कागद दिला होता आणि त्यात पोट साफ करण्याचे सगळे औषध आदल्या संध्याकाळी सात वाजता प्यायला सांगितले होते. तपासणी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होती. मधल्या वीस तासांत लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव पुन्हा खाली उतरतो आणि नेमका मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात साचतो. शिवाय दोन दिवस आधी मी पेरू खाल्ला होता आणि जेवणात रोजची जवसाची चटणी होती. बियांचे पदार्थ बंद करायला मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दुर्बिणीचा कॅमेरा कितीही चांगला असला तरी जवसाच्या दाण्यांपलीकडचे त्याला दिसत नाही.

आधी तपासणीला गेलेच का, तेही सांगते. शौचाच्या वेळी रक्त पडत होते. आठ महिने मी ते मूळव्याध समजून अंगावर काढले, मलम लावले, ताक आणि इसबगोल वाढवले. पुढे जिना चढताना दम लागू लागला, म्हणून रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.९. दोन्ही तपासण्यांत मला मूळव्याध होती हेही दिसले. म्हणजे माझा तर्क चुकीचा नव्हता, अपुरा होता. मूळव्याध असणे आणि आत आणखी काही असणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, आणि बाहेरून पडणाऱ्या रक्तावरून त्यांतला भेद कळत नाही. आपल्याकडे बाईमाणसे तर हे दुखणे घरातही बोलत नाहीत. चाळिशी उलटलेल्या कोणालाही शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय एकाएकी बदलून तशीच राहिली असेल, वजन कारण नसताना उतरत असेल किंवा हिमोग्लोबिन खाली आले असेल, तर मलमावर थांबू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. एंडोस्कोपी म्हणजे खरे तर आत डोकावणारी कोणतीही दुर्बीण, पण रोजच्या बोलण्यात आपण हा शब्द तोंडावाटे होणाऱ्या तपासणीसाठी वापरतो. तीत अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग दिसतो, आणि ती बहुधा पाच ते दहा मिनिटांत आटोपते. कोलोनोस्कोपी गुदमार्गाने होते. तीत सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे आणि जमल्यास लहान आतड्याचा शेवटचा तुकडा पाहतात, आणि तिला वीस ते चाळीस मिनिटे लागतात. पहिलीसाठी फक्त उपाशी राहावे लागते. दुसरीसाठी जी तयारी करावी लागते, तिच्यावर अर्धी तपासणी उभी असते, आणि ती तयारी रुग्ण आपल्या घरी, आपल्या हाताने करतो.

दुसऱ्या वेळी मी ती अशी केली. तीन दिवस आधीपासून कोंडा, कडधान्ये, पालेभाज्या, सालीची आणि बियांची फळे, टोमॅटो, वांगी, काकडी, तीळ आणि खोबरे बंद केले. मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, दही, सोललेला बटाटा, पांढरा पाव आणि अंडे एवढ्यावर राहिले. आदल्या दिवशी सकाळी हलका नाश्ता आणि त्यानंतर फक्त आरपार दिसणारे पातळ पदार्थ : नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, डाळीचे वरचे गाळलेले पाणी. कोकम सरबत मुद्दाम टाळले, कारण लाल आणि जांभळे रंग आत रक्तासारखे दिसतात. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवल्या, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

पोट साफ करणाऱ्या पेग या पावडरीचे दोन लिटर पाणी दोन भागांत प्यायले : एक लिटर आदल्या संध्याकाळी, दुसरा तपासणीच्या पाच तास आधी सुरू करून. तपासणी सकाळी साडेनऊची होती, म्हणून पहाटे साडेचारला मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते. चव खारट आणि लिंबाचा कृत्रिम वास असलेली. पहिला पेला जिवावर आला. मग फ्रिजमधले गार पाणी घालून, नळीने, जिभेच्या मागच्या बाजूला ओढत दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला असे घेतले आणि दोन पेल्यांमध्ये खडीसाखरेचा खडा चघळला. सहा वाजेपर्यंत शौचाचा रंग लघवीसारखा फिका पिवळा आणि स्वच्छ झाला. तळ दिसला पाहिजे, अशी खूण मला तिथल्या सिस्टरांनी दिली होती. गढूळ किंवा तपकिरी असेल तर निघण्यापूर्वी केंद्राला फोन करून सांगावे, लपवू नये.

ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी आपापले अनुभव आणि माहिती इथे जोडावी.


पामबीच :

मी बावीस वर्षे एंडोस्कोपी विभागात परिचारिका होते आणि आता निवृत्त होऊन नेरूळला राहते. उपवनताई, आपण तयारीबद्दल लिहिले ते अक्षरशः बरोबर आहे. आतडे किती स्वच्छ आहे याला गुण देण्याची एक पद्धत आहे, तिला बोस्टन स्केल म्हणतात. आतड्याचे तीन भाग धरून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात आणि प्रत्येक भागाला निदान दोन मिळाले तरच तपासणी भरवशाची मानतात. आपला अहवाल हातात आला की त्यात हा आकडा आहे का, आणि दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी टोकापर्यंत, पोहोचल्याची नोंद आणि छायाचित्र आहे का, हे रुग्णाने पाहावे. अपेंडिक्सचे तोंड त्या छायाचित्रात दिसते. दुर्बीण आत नेताना नव्हे, तर सावकाश बाहेर काढताना डॉक्टर खरी पाहणी करतात, आणि पॉलिप काढण्याचा वेळ सोडून त्या परतीला किमान सहा मिनिटे द्यावीत असा संकेत आहे.

खोलीत काय होते याची भीती पुष्कळांना असते, म्हणून थोडे सांगते. हातात सलाईनची सुई लावतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावतात आणि डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. बोटाचे नेलपॉलिश आधी काढून यावे, कारण त्यावरून चिमटीचे आकडे चुकू शकतात. कवळी आणि हलणारा दात यांबद्दल सांगावे. तोंडाच्या तपासणीत दातांमध्ये प्लास्टिकचे एक कडे धरायला देतात, त्याच्या छिद्रातून करंगळीएवढी जाड नळी आत जाते. नळी श्वासनलिकेत नव्हे, अन्ननलिकेत असते, त्यामुळे श्वास अडत नाही. नाकाने संथ श्वास घेत राहायचे आणि लाळ गिळायची नाही, कडेने वाहू द्यायची. खाली टॉवेल असतो आणि त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. कोलोनोस्कोपीत मागे छिद्र असलेली चड्डी किंवा गाऊन देतात आणि अंगावर चादर असते. महिला रुग्णांना सोबत महिला कर्मचारी हवी असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे.

दुर्बीण निर्जंतुक करतात का, हा प्रश्न मला वर्षाकाठी दोन-तीनच रुग्णांनी विचारला असेल, आणि तो प्रत्येकाने विचारावा असे मला वाटते. दुर्बीण एका रुग्णातून बाहेर आली की त्याच जागी ती पुसून तिच्यातून पाणी आणि स्वच्छक ओढावा लागतो, कारण आत एक अरुंद वाहिनी असते आणि स्राव वाळला तर तो निघत नाही. मग हवा गळते का ते तपासायचे, एन्झाइमच्या द्रावणात बुडवून लांब ब्रश त्या वाहिनीतून आरपार घालायचा, दुसऱ्या टोकाला बाहेर आलेला ब्रश धुऊन पुन्हा ओढायचा, आणि ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करत राहायचे. त्यानंतरच उच्च दर्जाचे निर्जंतुकीकरण, मग धुणे, वाळवणे आणि उभे टांगून ठेवणे. घासणे वगळून नुसते औषधात बुडवले तर औषध चिकटलेल्या थराखाली पोहोचत नाही. एका दुर्बिणीला सगळे मिळून पाऊण तास तरी लागतो. म्हणून ज्या केंद्राकडे दुर्बिणी थोड्या आणि रांग लांब, तिथे हा प्रश्न अधिक आग्रहाने विचारावा.


गावदेवी :

धागा वेळेवर आला. माझ्या वडिलांचे वय ७१ आहे, वीस वर्षांचा मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातला आहे. हिमोग्लोबिन कमी आल्याने डॉक्टरांनी दोन्ही दुर्बिणी एकाच दिवशी करायला सांगितले आहे. ते रोज ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या, आणि मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेतात. केंद्रातून फोनवर ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करा’ एवढेच सांगितले. बाबा म्हणतात, सगळ्याच गोळ्या आठवडाभर बंद करतो. मला हे बरोबर वाटत नाही. कोणी मार्गदर्शन करील का?


दिघा_ऐरोली :

मी ऐरोलीत फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. वडिलांना आधी थांबवा. स्टेंट असलेल्या माणसाने या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्यातून स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि तो धोका पॉलिप काढल्यावर होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी गंभीर आहे. नुसते पाहणे आणि चिमट्याने तुकडा घेणे या कामांसाठी या गोळ्या बहुधा बंद कराव्याच लागत नाहीत. मोठा पॉलिप काढायचा असेल तर क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस थांबवण्याचा विचार होतो, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि दुर्बीण करणारे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा, आणि त्या काळातही ॲस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. दोघांचे म्हणणे कागदावर लिहून घ्या. फोनवरच्या स्वागतिकेच्या वाक्यावर विसंबू नका.

मधुमेहाच्या तीन गोळ्यांचे वागणे तीन तऱ्हेचे आहे. ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घेतली तर साखर धोकादायक खाली उतरते, म्हणून पातळ आहाराच्या दिवशी तिचे काय करायचे ते आधी ठरले पाहिजे. डापाग्लिफ्लोझिन उपवास आणि जुलाब यांच्या जोडीने साखर जास्त नसतानाही रक्तात आम्ल वाढवू शकते, म्हणून ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात, आणि ही गोष्ट पुष्कळदा राहून जाते. मेटफॉर्मिन तपासणीच्या सकाळी बहुधा देत नाहीत. तयारीच्या दिवशी घरातल्या ग्लुकोमीटरवर दर चार तासांनी साखर पाहा आणि ती खाली आली तर गाळलेले गोड लिंबू सरबत किंवा ग्लुकोजचे पाणी द्या. ते आरपार दिसणारे असल्याने तयारी बिघडत नाही. रक्तदाबाची गोळी मात्र पहाटे घोटभर पाण्याबरोबर बहुधा घ्यायची असते. आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची किंवा साखरेची इंजेक्शने चालू असतील तर तेही सांगावे, कारण त्यांनी जठर उशिरा रिकामे होते.

आणखी एक. पोट साफ करण्याची औषधे एकसारखी नसतात. सोडियम फॉस्फेटच्या औषधाने काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना कायमची इजा झाल्याचे आढळले आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला. वृद्धांना, मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या रुग्णांना पेगचे द्रावण अधिक सुरक्षित असते. ओळखीच्या दुकानातून ‘पोट साफ करायचे काहीतरी’ मागू नये.


खारघरची_टेकडी :

माझी फक्त तोंडाची एंडोस्कोपी झाली आहे आणि ती मी गुंगी न घेता करून घेतली, कारण मला एकट्याने रिक्षाने घरी यायचे होते. घशात कडू फवारा मारला आणि दोन मिनिटांत घसा सुजल्यासारखा, आपला नसल्यासारखा वाटू लागला. नळी गिळताना एकदा मोठी उबळ आली, डोळ्यांतून पाणी आले, पोटात हवा भरल्यावर चार-पाच ढेकर आले, आणि तेवढ्यात संपलेही. वेदना अशी नव्हती. तुकडा घेतलेला तर कळलाच नाही. नंतर अर्धा तास काही प्यायचे नव्हते, कारण घसा बधिर असताना घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. ज्यांना उबळ पटकन येते त्यांनी गुंगी जरूर घ्यावी, पण ती सक्तीची नाही, एवढे ठाऊक असावे.

माझ्या तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला. खोलीतच एका छोट्या पिवळ्या चकतीत तुकडा टाकला आणि थोड्या वेळाने चकती गुलाबी झाली. अल्सर या जिवाणूमुळे होतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवले, तेव्हा तिखट आणि चिंता यांनाच दोष देणाऱ्यांना ते पटेना, म्हणून मार्शल यांनी स्वतः तो जिवाणू पिऊन, आजारी पडून, आपल्याच जठराची एंडोस्कोपी करवून घेतली. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. माझी पंधरा वर्षांची ‘ॲसिडिटी’ चौदा दिवसांच्या औषधांनी गेली.

इथे एक चूक मी केली होती ती सांगतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, पॅन्टोप्राझोल वगैरे, चालू असतील तर ही चाचणी खोटी ‘नाही’ म्हणू शकते. त्या दोन आठवडे आधी, आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी, थांबलेली असावी लागतात. मी गोळी चालू असल्याचे सांगितले नाही म्हणून माझी तारीख पुढे गेली.


मासुंदा :

मी विमा दाव्यांचे काम पाहतो. केवळ निदानासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च बहुतेक मेडिक्लेममध्ये वगळलेला असतो. त्यामुळे नुसत्या पाहणीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते, पण त्याच वेळी पॉलिप काढला किंवा रक्तस्राव थांबवला तर ते उपचार ठरतात आणि डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याचे उपचार, म्हणून दावा उभा राहू शकतो. यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीत लक्षणे स्पष्ट लिहिलेली असावीत आणि बिलात तपासणी व उपचार वेगवेगळे दाखवलेले असावेत. तुकड्याच्या तपासणीचे बिल बहुधा प्रयोगशाळेकडून वेगळे आणि उशिरा येते. ते आधीच विचारून ठेवावे. सगळा खर्च खिशातून करायचा असेल तर शीव, केईएम आणि नायर या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत गॅस्ट्रोचे विभाग आहेत. तारीख लांबची मिळते, पण खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी असतो.


कासारवडवली :

मासुंदा यांनी केईएमचे नाव काढले म्हणून लिहितो. मी केईएमला जायला घोडबंदर रस्त्यावरून पहाटे औषधाचा दुसरा भाग संपवून दीड तासात निघालो होतो. माजिवड्याच्या आधी गाडी अडकली आणि पुढची चाळीस मिनिटे मी ज्या अवस्थेत काढली ती कोणावर येऊ नये. लोकलमध्ये शौचालय नसते, ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याहून वाशीला जायचे असले तरी तिच्यातही नसते. त्यामुळे दुसरा भाग संपल्यावर निदान दोन-अडीच तास घरीच राहता येईल अशी वेळ मागून घ्यावी, मोठ्यांचा डायपर घालून निघावे आणि पिशवीत कपड्यांचा जोड ठेवावा. लांब राहणाऱ्याने आदल्या रात्री रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम केला तर सर्वांत उत्तम.

दुसरे पाण्याचे. ठाण्यात जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी मधूनमधून चोवीस तासांचा शटडाऊन असतो. तारीख घेण्याआधी सोसायटीच्या सूचनाफलकावर पाहावे आणि तरीही दोन बादल्या आणि पिंप भरून ठेवावे. रात्रभरात पंधरा-वीस वेळा जावे लागते. घरात एकच संडास असेल तर बाकीच्यांना सांगून ठेवावे. मऊ कागद किंवा ओला कपडा वापरावा आणि सुरुवातीपासूनच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे, कारण कातडी सोलवटल्यावर लावून उपयोग नसतो.


कळवा_खाडी :

हे सगळे वाचून पोटात गोळा आला. गिळायच्या कॅमेऱ्याची गोळी असते असे ऐकले आहे. शौचाची चाचणी किंवा सीटी स्कॅन करून हे टाळता येत नाही का? आणि आतडे फाटते असेही लोक सांगतात.


दिघा_ऐरोली :

प्रश्न रास्त आहेत. कॅमेऱ्याची गोळी मुख्यतः लहान आतड्यासाठी आहे, जिथे साधी दुर्बीण पोहोचत नाही. ती छायाचित्रे काढते, पण तुकडा घेऊ शकत नाही आणि पॉलिप काढू शकत नाही. सीटीतही पोट साफ करावे लागते आणि काही सापडले तर पुन्हा कोलोनोस्कोपी आलीच. शौचातले न दिसणारे रक्त शोधणारी फिट ही चाचणी लक्षणे नसलेल्या माणसासाठी चांगली आहे. ज्याला रक्त दिसते आहे किंवा ज्याचे हिमोग्लोबिन उतरले आहे, त्याने तिच्यावर समाधान मानू नये. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग बराच आढळतो. तो लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात तिथे बसतो आणि क्रोन्स या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारासारखा दिसतो, आणि दोहोंचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तुकडा घेतल्याशिवाय तिथे पुढे जाता येत नाही.

आतड्याला छिद्र पडण्याचा धोका खरा आहे, तो लपवू नये. नुसत्या पाहणीत तो हजारात एकाहून कमी आहे, मोठा पॉलिप काढताना वाढतो. पॉलिप काढल्यानंतर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही होऊ शकतो, म्हणून त्या काळात गावी किंवा लांबच्या प्रवासाला जाऊ नये. तपासणीनंतर दिवसभर वायू सरणे आणि पोट फुगल्यासारखे वाटणे साहजिक आहे. आत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरला असेल तर हा त्रास कमी असतो, कारण तो वायू लवकर शोषला जातो. पण पोटात वाढत जाणारी कळ, ताप, पोट लाकडासारखे कडक होणे, रक्ताच्या गाठी पडणे किंवा डांबरासारखी काळी शौच होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. निघताना केंद्राकडून रात्री लागणारा फोन क्रमांक मागून घ्यावा.

या धोक्यासमोर दुसरे पारडेही ठेवा. १९६९ मध्ये न्यू यॉर्कला वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी तारेच्या फासाने दुर्बिणीतूनच पॉलिप काढायला सुरुवात केली, त्यापूर्वी तेवढ्यासाठी पोट उघडावे लागे. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात आणि तेवढा अवधी आपल्या हातात असतो. आपल्या देशात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी चाळणी आहे, मोठ्या आतड्यासाठी नाही, म्हणून इथे रुग्णालाच जागे राहावे लागते. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा कर्करोग झाला आहे त्यांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, लक्षणे नसतानाही तपासणी करून घ्यावी.


उपवन :

डॉक्टर, शेवटचे वाक्य मी माझ्या धाकट्या भावाला तसेच्या तसे पाठवले. मोठा ॲडेनोमा निघाल्यावर भावंडांनाही सांगायला हवे, हे मला माझ्या डॉक्टरांनी आपणहून सांगितले नव्हते. मीच पुढच्या भेटीत विचारले.

गुंगीबद्दल एक राहिले. मला घरी आल्यावर अगदी टवटवीत वाटत होते, मी मुलीशी अर्धा तास बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले एक अक्षर आठवत नव्हते. डॉक्टरांनी खोलीतून बाहेर आल्यावर जे सांगितले तेही आठवत नव्हते, ते सगळे मुलीने लिहून घेतले म्हणून कळले. तेव्हा सोबत येणारी व्यक्ती फक्त आधाराला नव्हे, ऐकायला हवी. चोवीस तास गाडी चालवू नये, सह्या करू नयेत, बँकेचे व्यवहार करू नयेत, गॅसपाशी एकटे उभे राहू नये. संमतीपत्र मात्र गुंगीआधी, चष्मा लावून, मराठीत मागून वाचावे, आणि पॉलिप सापडला तर तो त्याच वेळी काढायला आपली संमती आहे की नाही हे त्यात लिहिलेले आहे ना, ते पाहावे. माझ्या दुसऱ्या केंद्रात मराठी प्रत होती. मागितल्यावर खणातून काढून दिली.


गावदेवी :

सर्वांचे आभार. हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी दिले आहे की दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू ठेवाव्यात, आता फक्त पाहून तुकडे घ्यावेत, आणि मोठा पॉलिप दिसला तर पुढे ठरवून काढावा. डापाग्लिफ्लोझिन कालपासून बंद केली आहे. तपासणी गुरुवारी सकाळी अकराला वाशीत आहे. आम्ही नौपाड्यातून गाडीने जाणार आहोत. पामबीच ताई, औषधाच्या दुसऱ्या भागाची वेळ तेवढी सांगाल का? केंद्राच्या कागदावर ‘सकाळी’ एवढेच आहे.


पामबीच :

गुरुवारी पहाटे पाचला सुरू करा आणि घाई न करता साडेसहापर्यंत संपवा. मळमळ झाली तर वीस मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करा. उलटी झाली तर केंद्राला कळवा. मधे साखर एकदा पाहा. त्यानंतर नारळपाणी किंवा साधे पाणी घोट घोट चालेल, पण गुंगी देणार असल्यामुळे शेवटचा घोट केव्हा, हे भूलतज्ज्ञांकडून आजच विचारून घ्या. काही केंद्रे दोन तास आधीपर्यंत चालवतात, काही चार तास मागतात. नौपाड्यातून नऊला निघा, म्हणजे तोवर पोट शांत झालेले असेल आणि ऐरोलीला वाहतूक तुंबली तरी वेळ हाताशी राहील. वडिलांच्या गोळ्यांची यादी, हृदयरोगतज्ज्ञांचे पत्र, जुने अहवाल आणि ग्लुकोमीटर हे सगळे बुधवारी रात्रीच एका पिशवीत घालून दाराशी ठेवा.